समोरासमोरची बोट की पाठोपाठची?

राजपुरा, बऱ्हाणपूर
आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १८५८

सौभाग्यवती थोरली बहीण सरुताई हिच्या पायांवर धाकटा भाऊ शालिग्राम डोकं ठेवतो आणि तू ऊठ म्हणेपर्यंत उठत नाही. तिकडे नंदुरबारला दाजींचा खोकला कसा आहे? मी पाठवलेला ज्येष्ठमध ते चघळतात की नुसताच खिशात घालून हिंडतात? (दाजी, हे पत्र नेहमीप्रमाणे आपणच ताईला वाचून दाखवणार, तेव्हा आपल्याच खोकल्याची चौकशी आपल्यालाच मोठ्यानं वाचावी लागते याबद्दल माफी असावी. पुढे यादवचं नाव येईल तिथे आवाज चढवू नये आणि उतरवूही नये.) इकडे आई ठणठणीत आहे, दोन्ही सुना कामाला वाघ आहेत, कपाशीला यंदा बोंडं बरी धरली आहेत. तुझी भावजय मालूबाई माझ्याशी बोलत नाही, पण त्याचं कारण पुढे येईल. मी एकटा तेवढा बरा नाही, आणि ते विचारायला कोणी येत नाही म्हणून स्वतःच लिहितो.

पत्र लिहायचं कारण असं, की मी मोटारबोट घेतो आहे. दोन बघितल्या, दोन्ही सारख्याच आहेत, आणि त्यातली कोणती घ्यावी ते तू सांगायचं आहेस. बोट कशाला, असं तू विचारशील. आपला धंदा कापसाचा, घर राजपुऱ्यात, सरकी काढायचं जीन स्टेशनाच्या अंगाला, नदीपलीकडे जायचं काम वर्षातून एखादवेळी पडलं तर पडतं. पण कुटुंबाला नदीची हवा मिळावी, आईला या वयात तापीमाईचं दर्शन बसल्याबसल्या घडावं, एवढाच माझा हेतू आहे. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. पाडव्याला दाजींना ओवाळून तू रात्रीच्या गाडीला बसतेस आणि भाऊबीजेच्या सकाळी बऱ्हाणपूरला उतरतेस, हा तुझा लग्न झाल्यापासूनचा नेम. आमचा टांगा स्टेशनावर येतो, तू आधी आपल्या घरी येतेस, आधी मला ओवाळतेस, आणि दुपारून केव्हातरी यादवकडे जाऊन त्यालाही ओवाळतेस. मी सख्खा, तो चुलत, त्यामुळे यात कोणी कधी वावगं पाहिलं नाही. गेल्या वर्षी मी नेहमीसारखा टांगा पाठवला, अभ्यंगस्नान केलं, रेशमी उपरणं घेऊन पाटावर बसलो. टांगा रिकामा परत आला. यादवनं तुला स्टेशनातूनच उचललं, ताई तुला आमची नवी मोटारबोट दाखवतो म्हणून राजघाटावर नेलं, आणि पलीकडे जैनाबादला त्याच्या घरी निरांजन आधीच तयार! (आधीच! म्हणजे सगळं ठरवून.) मी पाटावरून उठलो नाही. आई म्हणत होती जेवून घे, ती येईल तेव्हा येईल. आईला या गोष्टींचं गांभीर्य नाही. तू आलीस तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओवाळताना सगळा वेळ तू त्या बोटीचं कौतुक करत होतीस, आणि अक्षता माझ्या डोक्याऐवजी खांद्यावर पडल्या. मी त्या झटकल्यासुद्धा नाहीत.

मला यादवचा हेवा वाटतो असं गावात बोललं जातं. ते साफ खोटं आहे. लहानपणी धाकटी काकू गेली आणि यादव आपल्या घरी आला, तेव्हापासून तो तुझ्या कडेवर होता. मी वर्षाभरानंच मोठा, पण मोठा म्हणून मी तुझा पदर धरून चालायचो आणि तो वरून माझ्याकडे बघायचा. याची मी आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही. पुढे त्यानं जैनाबादला केळी लावली, लोकांना त्याचे घड मोठे दिसायला लागले. मोठे असतील. कापूस काही घडानं येत नाही. मग एक साहेब बदलून जाताना आपली जुनी मोटारबोट विकून गेला ती यादवनं घेतली. पलीकडे बाग आहे म्हणून त्याला गरज होती म्हणतात. इतकी वर्षं तीच केळी लोटू नावाड्याच्या नावेतून येत होती आणि एकाही केळ्यानं कधी कुरकुर केली नव्हती.

असो. मी मुंबईला पत्र घातलं, आणि दसऱ्याच्या आधी तिथला एक एजंट मालगाडीवर दोन बोटी चढवून हजर झाला. एक हिरवी, तिला तांबडा पट्टा. दुसरी तांबडी, तिला हिरवा पट्टा. लांबी तीच, इंजिन तेच, वरचं कापडी छप्पर तेच. बैलगाड्यांवर घालून त्या राजघाटावर आणल्या तेव्हा अर्धं बऱ्हाणपूर घाटावर होतं. यादव पलीकडच्या काठावरून बघत होता. (मुद्दाम बघत होता असं नाही, बागेत उभा होता, पण नदीकडे तोंड करून.) एजंट हिरवीचे गुण सांगायचा, मग तांबडीचे सांगायचा, आणि ते शब्दाला शब्द तेच असायचे. दोन्ही खास कुटुंबवत्सल माणसासाठी बांधल्या आहेत म्हणाला. मी विचारलं, मग फरक काय? तो म्हणाला, शेठ, फक्त बैठकीचा. हिरवीत दोन बाजूंना दोन लांब बाकं, माणसं समोरासमोर बसतात. तांबडीत मोटारीसारख्या रांगा, सगळ्यांची तोंडं पुढे. तुम्ही कशी पण घ्या, मजा सारखीच.

हा माणूस मुंबईचा. त्याच्या घरी बहुतेक कोणीच कुणाची सून नसावी.

आधी हिरवी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई, मालूबाई आणि दोन्ही सुनांना घेऊन घाटावर गेलो. मुलगे जीनवर होते, ते बरं झालं, नाहीतर गुंता आणखी वाढता. आईला उजव्या बाकावर बसवलं. मी डाव्या बाकावर बसलो. आता सुना कुठे बसणार? माझ्या बाकावर सासऱ्याशेजारी बसायचं नाही. आईच्या बाकावर आजेसासूच्या बरोबरीनं बसायचं नाही, आणि बसल्या तर तोंड सासऱ्यासमोर. थोरलीनं हनुवटीपर्यंत पदर ओढला, धाकटीनं तिच्याही खाली, आणि दोघी बोटीच्या तळाला फळ्यांवर बसल्या. तिथे पाणी होतं. नवी लुगडी दसऱ्याची. राहिली मालूबाई. ती सासू आहे आणि सूनही आहे. आईसमोर बाकावर बसली तर आईची बेअदबी, खाली बसली तर सुनांच्या बरोबरीला आली. म्हणून ती उभी राहिली. एजंट आपला ओरडतोय, बैठो बाई, बैठो, बोट हलते, आणि मालूबाई छपराचा दांडा धरून अशी उभी की देवीची मिरवणूक निघाली आहे. राजघाटापासून नागझिरीच्या घाटापर्यंत आम्ही असे गेलो. एवढ्या मोठ्या बोटीत दोन बाकं, आणि दोन बाकांवर आम्ही दोनच माणसं, माय आणि लेक. उतरताना आई म्हणाली, "इतकी जागा कसाले वाया घालवतात रे हे लोक?"

(मालूबाई माझ्याशी बोलत नाही ते एवढ्यावरून नाही. बोटीच्या नाकाडावर तुझं नाव रंगवायचं मी ठरवलं होतं, मोठ्या अक्षरात 'सरुताई', म्हणजे जैनाबादहूनही वाचता यावं. तिनं विचारलं, माझं का नाही? मी म्हटलं, तुला यादव पळवून नेत नाही. हे मी बोलायला नको होतं, पण खरं होतं.)

मग काल तांबडी. मला वाटलं, ही आपल्यासारख्यांसाठीच बांधली आहे. कुणाचं तोंड कुणासमोर नाही. आई पहिल्या रांगेत, मालूबाई दुसऱ्या, सुना तिसऱ्या, आपापल्या पायरीनं. पदर घ्यायचीही गरज नाही, कारण सगळ्यांच्या पुढ्यात सासूची पाठ. मी खूश. एजंटला म्हटलं, सुकाणूचं चक्र मी धरतो. (यादव स्वतः चालवतो. मी मागे बसून एजंटला चालवायला लावणं दिसायला बरं दिसलं नसतं, पलीकडून तर नाहीच.) एजंटनं पाऊण तास शिकवलं आणि मी हाकणाऱ्याच्या जागेवर बसलो. ती जागा पहिल्या रांगेच्याही पुढे असते, हे माझ्या ध्यानात तोवर आलं नव्हतं.

बोट सुटली, आणि मागून आईचा आवाज आला. "मले पाठ दाखवून बसला का रे, शालिग्राम?"

एवढंच म्हणाली. रागानंही म्हणाली नाही. पण तू आपल्या घरातली आहेस, तुला सांगायला नको. बाबा गेले तेव्हापासून मी आईसमोरून उठताना चार पावलं मागे सरकत दारापर्यंत जातो आणि मग वळतो. या वयात भर नदीत, गावासमोर, तिच्या तोंडासमोर पाठ करून बसलो! मी आडवा झालो. एक पाय बाहेरच्या बाजूला, एक हात चक्रावर, मान आईकडे. एजंट म्हणाला, शेठ, सामने देखो. मी म्हटलं, सामने माझी आई आहे. दर थोड्या वेळानं मी आईला विचारत होतो, बरं वाटतं ना, वारा लागतो का, आणि आई मान डोलवत होती, आणि मला वाटत होतं की आता जमलं, अशी बोट आजवर कुणी चालवली नसेल. तेही खरंच होतं.

राजघाटासमोर नदीत दगडाचा हत्ती आहे. बादशाही अमलापासून तो तिथेच आहे. पावसाळ्यात बुडतो, पाणी ओसरलं की पाठ वर येते, पोरं त्यावरून सूर मारतात. बऱ्हाणपुरात जन्मलेल्या कुणालाही डोळे बांधून सोडलं तरी तो हत्ती चुकवता येईल. लोटू नावाडी आपल्या नावेतून हातवारे करत ओरडत होता. मला वाटलं, कौतुक करतोय, म्हणून मी त्याला हात केला. त्याच वेळी बोट हत्तीवर चढली. आदळली नाही, चढली, अगदी अंबारीसारखी, आणि नाकाड वर करून बसली. हत्तीला काही झालं नाही. बोटीचा रंग खरवडला आणि इंजिन बंद पडलं. घाटावरचे लोक एकदम जे सुरू झाले ते मी इथे लिहीत नाही. (दाजी, आपण हसत असाल तर आधी हसून घ्यावं, मग पुढे वाचावं.)

आता कोण आलं असेल ते सांगायला हवं का?

आला. फटफट करत, पलीकडून, धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल. हसला असता तर मी सहन केलं असतं. हसला नाही. म्हणाला, "शालिग्राम, तू रस्सी धर, बाकी मी देखतो." आणि त्यानं देखलं. आधी आईला उचलून आपल्या बोटीत घेतलं, पालथ्या टोपलीवर बसवलं. मग मालूबाईला. मग सुनांना हात दिला. चुलत का होईना, तोही त्यांचा सासराच. त्याच्या त्या मोडक्या बोटीत ना धड बाक ना रांग, केळीचे दांडे पडलेले, कुणी कुठे बसावं याला काही अर्थच नाही. बसल्या आपल्या जागा मिळेल तिथे. आई मालूबाईला टेकून बसली. धाकटीचा पदर वाऱ्यानं मागे गेला तो तिनं लगेच ओढला नाही. आणि यादव काय बोलला कोण जाणे, थोरली सून हसली. मोठ्यानं. ताई, ती चार वर्षं माझ्या घरात वावरते आहे, आणि तिचं हसणं कसं असतं ते मी काल पहिल्यांदा ऐकलं. तेही दुसऱ्याच्या बोटीतून. मी आणि एजंट हत्तीवर बसलो होतो, आणि ती बोट घाटाकडे चालली होती, आणि त्यात माझं सगळं घर बसलं होतं. मला वाटलं, आता यादवनं वळून माझ्याकडे बघावं आणि बघूही नये. त्यानं बघितलं नाही. आईशी बोलत होता, आईकडे खुशाल पाठ करून. आई त्याला काही म्हणाली नाही. त्यालाच का नाही म्हणत?

तर प्रश्न असा आहे, की समोरासमोरची घ्यावी की पाठोपाठची. एजंट अजून धर्मशाळेत आहे आणि रोज सकाळी येऊन दोन्हीचे तेच गुण सांगतो. हिरवी घेतली तर मी आणि आई दोघंच हवा खाणार. तांबडी घेतली तर चालवायला अनाथ माणूस ठेवावा लागेल. मधे पडदा लावता येईल का, आईची खुर्ची उलटी ठोकता येईल का, असे विचार मी करतो आहे. तू पोक्त आहेस, दोन घरांचं पाहिलेलं आहेस, दाजींनी इंग्रजी वाचलेलं आहे. दोघांनी मिळून काय ते कळवावं, म्हणजे भाऊबीजेला तू उतरशील तेव्हा बोट राजघाटावर तयार असेल, आणि यादवनं त्याच्या बोटीचं नाव काढलं तर तुला म्हणता येईल की मला माझ्या सख्ख्या भावाची आहे, तिला छप्पर आहे.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि तुझ्या पायांवरचं डोकं मी अजून उचललेलं नाही हे ध्यानात असू दे.

तुझा सख्खा भाऊ,
शालिग्राम

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी आईला विचारलं, तुला कोणती आवडली? ती म्हणाली, केळीवाली. मी तो शब्द कानाआड केला.

ता. क. दुसरा : एजंट आज गेला. आम्ही निर्णय घेत नाही हे पाहून त्यानं दोन्ही बोटी परत मालगाडीवर चढवल्या. नाहीतरी लोटू म्हणतो की पाणी रोज उतरतं आहे, आणि हत्ती काल पाठीपर्यंत होता तो आता पोटापर्यंत दिसायला लागला आहे. तेव्हा बोटीबद्दल तू काही कळवू नकोस. वरची सगळी पानं दाजींनी उगाच वाचली.

ता. क. तिसरा : यादव आज सकाळी घरी आला होता. केळीची फणी घेऊन आला, आईजवळ बसला, माझ्या खांद्याला हत्तीवर मार लागला का ते विचारलं आणि गेला. जाताना सहज म्हणाला, यंदा पण ताईला मीच आणतो ना? त्याचं तोंड असं झालं होतं की मला नाही म्हणता आलं नाही. मी मान हलवली. हो हलवली. आता मला झोप लागत नाही.

ताई, मला हेवा वाटतो. लिहून टाकतो एकदाचं. तू जैनाबादला आधी गेलीस तेव्हा मी पाटावर बसून जे काही झालो ते मला पुन्हा व्हायचं नाही.

म्हणून असं कर. भुसावळला तू गाडी बदलतेस, तिथे तुला बराच वेळ बसून राहावं लागतं. मी आदल्या दिवशीच तिथे येऊन राहतो. सकाळी आंघोळ करून फलाटावर येतो. पाट, निरांजन, सुपारी, अक्षता मी घेऊन येतो, मालूबाईनं सगळं एका पिशवीत बांधून दिलं आहे. (बोलली. म्हणाली, जा.) रांगोळी तिथे काढू देतील की नाही माहीत नाही, नाही दिली तर राहू दे. हमालखान्याच्या बाजूला आडोसा आहे, तिथे मला ओवाळ. दोन मिनिटांचं काम आहे. मग आपण पुढच्या गाडीनं बऱ्हाणपूरला येऊ, आणि यादव स्टेशनावर उभा असेल तर तू खुशाल त्याच्या बोटीतून जा, मी तुमच्या मागोमाग लोटूच्या नावेतून येतो आणि त्याच्या घरी त्याच्यानंतर पाटावर बसतो. त्याच्यासमोर भुसावळचं नाव काढू नकोस. कपाळावरचा टिळा मी रावेर येण्याआधी पुसून टाकीन. त्याला वाटू दे की तोच पहिला.